सरांवर लेख व्हावा का?

प्रिय,

सरांवरचा तुझा मसुदा वाचला. मनापासून लिहिलंयस. "एवढं काम केलेला माणूस विकिपीडियात बसत नाही का?" असं विचारलंयस. काम किती मोठं, हा तिथला प्रश्नच नाही. सरांशी काही देणंघेणं नसलेल्या कुणी त्या कामावर सविस्तर लिहून छापलंय का, एवढंच बघायचं. आपल्या आठवणी कितीही खऱ्या असल्या तरी वाचकाला त्या पडताळता येत नाहीत.

सेवापूर्तीच्या तीन बातम्या जोडल्यास, त्या शेजारी ठेवून वाच. 'ज्ञानदानाचा अखंड यज्ञ' तिन्हीत आहे, पाहुण्यांच्या नावांचा क्रम तोच, आणि शाळेच्या नावातली चूकसुद्धा तिन्हीकडे तीच. शाळेचं प्रसिद्धिपत्रक तिघांनी जसंच्या तसं छापलं. म्हणजे संदर्भ एकच, तोही शाळेचाच. गौरव अंक माजी विद्यार्थ्यांनी काढलेला. जन्मतारखेला, नेमणुकीच्या सालाला चालेल, लेख व्हावा की नाही हे ठरवायला नाही. जिल्हा परिषदेचा आदर्श शिक्षक पुरस्कार दरवर्षी बऱ्याच जणांना मिळतो. त्यावर लेख उभा राहत नाही.

शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांशी ताडून बघ. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा माणूस, गारगोटीच्या मौनी विद्यापीठामागचं मोठं नाव, देशाच्या शिक्षणावरच्या १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. त्यांच्या शिक्षणविचारावर त्यांना कधी न भेटलेल्या अभ्यासकांनी लिहिलंय.

तुझे दोन परिच्छेद सरांच्या नावाजलेल्या विद्यार्थ्यांवर खर्ची पडलेत. ते काढ. गायिका केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या खऱ्या, पण कोल्हापूर दरबारच्या या गवयावर लेख होतो तो त्यांच्या स्वतःच्या गायकीवर जाणकारांनी लिहून ठेवलंय म्हणून.

यातलं एक मला फार खुपतं. खेड्यातल्या मास्तरावर लिहितं कोण? त्यांचं काम कागदावर उतरतच नाही, आणि नियम रास्त असूनही त्याचा फटका अशाच माणसांना बसतो. म्हणून नाही म्हणण्याआधी कसून शोध. संदर्भ इंटरनेटवरच हवा असं कुठंही नाही. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, तिथं जाऊन जुनी नियतकालिकं मिळतात का विचार. शिवाजी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणावरचे प्रबंध बघ. कुणी सरांच्या रात्रशाळेवर प्रकरण लिहिलं असेल तर चित्र बदलतं. एकमेकांवरून न उतरवलेले असे दोन-तीन सविस्तर मजकूर मिळाले, तर लेखाच्या बाजूनं मी स्वतः बोलेन. फक्त आपण सरांचे विद्यार्थी आहोत हे लेखाच्या चर्चापानावर आधीच सांगून टाक.

नाही मिळालं, तर आत्ता लेख नको. सर हयात आहेत. आपल्या नावाच्या पानावर 'उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, पान वगळावे' अशी पाटी त्यांनी या वयात का वाचावी? तुझ्या आठवणी दिवाळी अंकाला दे, तिथं त्या शोभतील. रात्रशाळेचे हजेरीपट सरांच्या ट्रंकेत अजून आहेत असं लिहिलंयस, त्यांचे पानन्‌पान फोटो काढ. सरांना बोलतं करून रेकॉर्ड कर, आणि प्रत्येक गोष्टीला साल आणि गावाचं नाव विचारून घे. पुढं कुणी अभ्यासक या शाळेवर लिहायला बसला, तर त्याला नेमकं हेच लागेल.