इंग्लंडमधल्या चेस्टरची दुकानं बघायला निघालात?

पहिल्यांदाच जात असाल तर एक कळकळीची विनंती. 'द क्रॉस' या मधल्या चौकाच्या कोपऱ्यावरच्या काळ्या-पांढऱ्या देखण्या इमारतीचा फोटो काढून लगेच मागे फिरू नका. ती मध्ययुगीन वाटते खरी, पण वास्तुविशारद थॉमस लॉकवूड यांनी ती १८८८ मध्ये बांधली. काम सुंदरच आहे, फक्त वय ओळखून बघा.

खरं जुनं बघायचं तर खाली आणि आत शिरा. इथल्या 'रोज'ची (Rows, म्हणजे एकावर एक असलेल्या दुकानांच्या रांगांची) मांडणी तेराव्या शतकापासूनची. रस्त्यावरून काही पायऱ्या उतरलं की तळघरातलं दुकान. जिना चढलं की पहिल्या मजल्यावर छताखालून जाणारी वाट, अगदी आपल्या सज्जासारखी, आणि तिच्या आतल्या बाजूला पुन्हा दुकानं. या वाटेच्या आणि रस्त्याकडच्या कठड्याच्या मधे एक उतरतं लाकडी फळकूट दिसेल. पूर्वी त्यावर विक्रीचा माल मांडत. लोक तिथे पिशव्या टेकवतात आणि पुढे जातात. तुम्ही मात्र थांबा, त्यावर हात फिरवा.

१२, ब्रिज स्ट्रीट चुकवू नका. दर्शनी भाग १६६४ चा, तळघराची दगडी कमानदार छत मात्र त्याहून कितीतरी जुनी, मध्ययुगातली. घराचा चेहरा बदलला, पाया तोच राहिला. कमानीच्या दगडी फासळ्या भिंतीत कुठे टेकतात ते शोधा. मला तर तिथून निघवत नाही.

आणि हो, ही चालती दुकानं आहेत. आत रेंगाळण्याआधी दुकानदाराला विचारा.