ऑफिस सुटल्यावरही काम डोक्यातून जात नाही, काय करावं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की घरी आल्यावरही ऑफिसचे मेल डोक्यात घोळत राहतात, रविवार संध्याकाळपासून पोटात गोळा येतो आणि घरचे म्हणतात, 'फार टेन्शन घेतोस तू.' घरच्यांचं ते वाक्य वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहायला बसले.

मी अंधेरी एमआयडीसीत एका कंपनीचे अकाउंट्स बघते. आमचा महिना तारखांवर चालतो. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी विवरण), १५ ला पीएफ, २० ला थ्री-बी (महिन्याचा जीएसटी भरायचं विवरण). आधीच्या नोकरीत साहेब रात्री अकराला व्हॉट्सॲपवर नुसतं 'क्रेडिट मॅच झालं का?' एवढंच टाकायचे, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट जुळली का. उत्तर दिलं तरी झोप उडायची, नाही दिलं तरी उडायची. अशाच एका १९ तारखेला उशिरा निघून घाटकोपरला डोंबिवली फास्ट पकडली. मुलुंड गेलं आणि छातीत धडधडायला लागलं, हातांना मुंग्या, श्वास पुरेना. लेडीज डब्यातल्या एका अनोळखी बाईने मला धरून ठाण्याला उतरवलं, बाकावर बसवलं, पर्समधली लिमलेटची गोळी हातावर ठेवली. तिची पुढची गाडी चुकली असेल, पण मी नीट बोलायला लागेपर्यंत ती हलली नाही. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, पॅनिक ॲटॅक.

साहेब ज्याबद्दल विचारत होते ते रात्री होण्यासारखं नव्हतंच. सप्लायरने त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये बिल दाखवलं नसेल तर १४ तारखेला बनणाऱ्या टू-बीमध्ये, म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या वजावटीच्या यादीत, ते येत नाही. मी पहाटेपर्यंत जागले तरी येत नाही. ते क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं. हे त्यांनाही माहीत होतं.

त्यानंतरच्या गणपतीत, सगळे नातेवाईक जमलेले असताना दादा म्हणाला, "बाबांनी आख्खी नोकरी बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून काढली. पावसात, गर्दीत, लोकांच्या शिव्या खात. त्यांना नाही कधी धडधडलं. तुझ्यातच दम नाही."

बाबांची ड्युटी मी लहानपणापासून बघितलीय. शिफ्ट संपली की डेपोत जायचं, तिकिटांचा हिशेब द्यायचा, कॅश मोजून भरायची. कमी भरली तर खिशातून जायची, त्याची धास्ती त्यांनाही असायचीच. पण एकदा भरली की भरली. मग घरी येऊन, हातपाय धुऊन, गॅलरीत पेपर घेऊन बसायचे. रात्री अकराला डेपोतून कोणी दार वाजवून विचारत नव्हतं की सायनला किती तिकिटं फाडलीस. बाबा कणखर होते, मान्य. पण त्यांचं काम रोज संपायचं, माझं संपवू दिलं जात नव्हतं. 'बर्नआउट'ची नोंद करताना जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये तेच म्हटलंय: हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्याचा परिणाम.

म्हणून 'फोन बंद ठेवा, ध्यान करा' हे सल्ले मला अर्धवट वाटतात. फोन बंद केला तरी हिशेब उघडाच असतो. मी आता निघण्याआधी पंधरा मिनिटं राखून साहेबांना मेल टाकते: काय झालं, काय राहिलं, कोणामुळे राहिलं, उद्या किती वाजता हात लावणार. 'दोन सप्लायरची बिलं टू-बीत नाहीत, दोघांना कळवलंय, उद्या अकराला परत फोन करते.' बस. रात्री मेसेज आला तर सकाळी त्याच मेलवर उत्तर देते. सुरुवातीला कुरकुर झाली, मग सवय लागली. त्यांनाही.

कायद्याची वाट बघू नका. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खाजगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही.

आता हेही सांगते, प्रोबेशनवर असाल किंवा घराचा हप्ता एकट्याच्या पगारावर असेल तर साहेबांशी थेट भांडू नका. आधी दुसरी नोकरी बघा, मीही शेवटी बदललीच. छातीत दुखलं तर घरच्या घरी 'टेन्शन असेल' म्हणून सोडू नका, ईसीजी काढा. झोप उडालीच असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. केईएमच्या मानसोपचार ओपीडीत जायलाही लाजू नका, तिथे रांगेत तुमच्या-माझ्यासारखेच नोकरदार दिसतील.

रविवारच्या गोळ्यावर माझ्याकडे पक्कं औषध नाही. शुक्रवारचा मेल नीट लिहिला की तो कमी होतो, एवढं नक्की. आणि घरचे पुन्हा 'फार टेन्शन घेतोस' म्हणाले तर त्यांना विचारा, त्यांच्या नोकरीत साहेबांचे निरोप रात्री किती वाजेपर्यंत यायचे.