मानवी तस्करीविरोधात महाराष्ट्राने वेगळा कायदा करावा का? सुटका झालेल्या मुलींना पुढे काय मदत मिळते?

नवा कायदा नको. आहे त्या पिटा कायद्यातलं (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा) 17-अ कलम नीट पाळलं असतं तर मी आज हे लिहायला बसलेच नसते.

2014 साली वेश्याव्यवसायावरच्या एका छाप्यात मी पंच, म्हणजे झडतीची साक्षीदार होते. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. झडतीला दोन पंच लागतात आणि त्यातली एक बाई असावीच लागते. आमच्या शाळांमधून कुणीच तयार होईना, म्हणून मी गेले. हायवेवरचा लॉज होता. बनावट गिऱ्हाइकाजवळच्या पाचशेच्या दोन नोटांचे नंबर आधी लिहून घेतले. मग त्याचा इशारा आला तसे आम्ही आत शिरलो. दुसऱ्या मजल्यावर कपाट सरकवलं तर मागे प्लायवूडचं दार. आत ना खिडकी, ना पंखा. एक गादी आणि तिघीजणी. त्यातली सगळ्यात लहान मुलगी शंभर पानी वही पोटाशी घट्ट धरून बसलेली.

ती वही मी पाहिली. पहिल्या पानावर "उचल 40000", खाली मामाचं नाव. पुढे प्रत्येक तारखेसमोर उभ्या रेघा, चार उभ्या नि पाचवी आडवी. एक रेघ म्हणजे एक गिऱ्हाईक. अक्षर माझ्या चौथीच्या वर्गातल्यासारखं, ओळ सोडून वर जाणारं. उचल कधी फिटणार याचा हिशेब ती स्वतः ठेवत होती. जमादार म्हणाले, "बाई, वही राहू द्या, नोटा आणि मोबाईल पुरे." वहीची नोंद झाल्याशिवाय मी सही करणार नाही म्हटलं. रात्री दीड वाजता वही मुद्देमालात आली, माझ्यासमोर लाखेचं सील लागलं.

तपासणीत तिचं वय अठराच्या वर निघालं. चौकशी होईपर्यंत सुधारगृहात ठेवलं. ही मुदत कायद्याने जास्तीत जास्त तीन आठवडे. घरच्यांच्या ताब्यात देण्याआधी ते सांभाळायला लायक आहेत का, याची चौकशी करायची असते. 17-अ ते हेच. चौकशीचा अहवाल आला एका पानाचा. तिला न्यायला आला तो मामाच, आधार कार्ड आणि ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन. त्याचंच नाव वहीच्या पहिल्या पानावर होतं, आणि वही सीलबंद पाकिटात. हे मला छाप्यातल्या एका महिला पोलिसाने पुढे दोन महिन्यांनी सांगितलं.

2019 मध्ये माझी साक्ष झाली. मुलीचं समन्स "पत्त्यावर आढळत नाही" म्हणून परत आलेलं. लिहिणारीच नाही तर वही सिद्ध कोण करणार? सगळे सुटले.

आमचे मोठे भावोजी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणतात, "बायकांनी असल्या भानगडीत पडू नये, सरकारने कडक कायदा करावा म्हणजे झालं." भावोजी, लेखी आदेश आल्यावर कारण नसताना पंच व्हायला नकार देणं हाच गुन्हा आहे, पिटाचं कलम 15 वाचा. आणि कडक कायदा म्हणजे काय? तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं मानवी तस्करीविरोधी 370 कलम 2013 मध्येच कडक झालं होतं, आमचा छापा त्यानंतरचा.

राज्याचा कायदा करायचाच तर गोव्यासारखा करा. गोवा बालक कायदा 2003 चा. कुटुंबासोबत किंवा नातेवाइकासोबत नोंद नसलेलं मूल हॉटेलच्या खोलीत गेलं तर जबाबदारी हॉटेलवाल्यावर. लॉजमालक घाबरतो तो अशा कलमाला.

मदतीचं विचारलंत. नुकसानभरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, खटल्याच्या निकालासाठी थांबायची गरज नाही. आरोपी सापडला नसला तरी अर्ज करता येतो. अत्याचारपीडितांसाठीची राज्य सरकारची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे, तिचे अर्जही तिथेच. गुन्हा कोणत्या कलमांखाली नोंदवला यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून एफआयआरची प्रत पहिल्याच दिवशी मागून घ्या.

एक सांगायचं राहिलं. सगळ्याच सज्ञान बायका फसवून किंवा जबरदस्तीने आणलेल्या नसतात, आणि त्यांना "सुटका" म्हणून कोंडून ठेवणंही चूकच. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये अशा तीन तरुणींना सुधारगृहातून सोडायला लावलं, ते बरोबरच केलं. माझं म्हणणं तिला विचारा एवढंच. आमच्या मुलीला मामाकडे जायचंय का, हे कुणीतरी एकटीला बसवून विचारायला हवं होतं.

आणि तुमच्या गावात महिला पंच मागितली तर जा. सही करण्याआधी पंचनामा पूर्ण वाचायला मागा, आणि मुलीच्या हातात काय आहे ते बघा.