एम-1 गॅरंड रायफलमध्ये दुकानात मिळणारं कुठलंही .30-06 काडतूस चालेल का?

नाही. .30-06 हे काडतुसाचं माप. त्या मापाचं कुठलंही काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस राहतं त्या जागेत, चपखल बसतं, म्हणूनच तर लोक फसतात. तुम्ही लिहिलंय की टेक्सासात सासऱ्यांची गॅरंड तुमच्याकडे आली आणि सोबत हरणाच्या शिकारीच्या 180 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) काडतुसांचा डबाही. तो डबा बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर वेळी हाताने बोल्ट ओढावा लागणाऱ्या रायफलसाठी ठेवा.

गॅरंडचं चेंबर भक्कम आहे, दुखणं आहे नळीच्या दुसऱ्या टोकाला. तोंडापासून साधारण दीड इंचावर नळीच्या खालच्या अंगाला बारीक छिद्र असतं. गोळी ते ओलांडते तेव्हा मागचा वायू त्यातून सिलिंडरमध्ये शिरतो आणि लांबलचक ऑपरेटिंग रॉडला मागे ढकलतो. रॉड बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) उघडतो, काडतुसाचं रिकामं कवच बाहेर पडतं. जड गोळीमागे बहुधा सावकाश जळणारी दारू असते, त्यामुळे छिद्रापाशीही दाब फारसा उतरलेला नसतो. मग रॉडला नको तेवढा हिसका बसतो. तो वाकतो, कधी बोल्ट मागे आदळून रिसीव्हरलाच, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य सांगाड्याला, तडा जातो.

ही रायफल अमेरिकी लष्कराने 1936 मध्ये घेतली. दुसऱ्या महायुद्धात तिच्यासाठी एम-2 बॉल हे काडतूस होतं: सुमारे 150 ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला 2,700 फुटांच्या वर. त्याच मापाची काडतुसं फेडरल, पीपीयू या कंपन्या आजही काढतात. डब्यावर ‘एम-1 गॅरंड’ छापलेलं बघा. हॉर्नडी कंपनीची गॅरंडसाठीची गोळी 168 ग्रेनची असूनही चालते, कारण दारू तशी निवडलेली असते. नुसत्या वजनावर जाऊ नका. रॉडला ढकलणारा वायू कमीजास्त करता येणारा गॅस प्लग (सिलिंडरचं बूच) मिळतो, पण तो नीट लावता येईपर्यंत मी तरी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

आणखी एक. गॅरंडच्या फायरिंग पिनला, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरवर (दारू पेटवणाऱ्या टिकलीवर) आपटणाऱ्या पिनेला, स्प्रिंग नसते. चेंबरमध्ये गेलेलं काडतूस न झाडता बाहेर काढून पाहा, प्रायमरवर पिनेचा बारीक खळगा दिसेल. प्रायमर जरा वर राहिलेला किंवा फार नाजूक असेल, तर बोल्ट बंद होतानाच काडतूस उडू शकतं. म्हणून कुणी घरी भरलेली काडतुसं फुकट मिळाली तरी घेऊ नका.

जुना लष्करी साठा मिळालाच, तर 1950 च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या अमेरिकी काडतुसांचे प्रायमर बहुतेक गंज आणणारे असतात. झाडल्यावर त्याच दिवशी नळी आणि गॅस सिलिंडर गरम पाण्याने धुवा, पुसा, तेल लावा. पण आधी रायफल जाणत्या गनस्मिथला दाखवा. सासऱ्यांनी तिच्यात काय काय झाडलं असेल, ते तुम्हाला ठाऊक नाही.