शाळेत रोबोटिक्स किट: सीमाभागातल्या वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी भागांतल्या मराठी शाळांमधून या विषयावर आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: माजी विद्यार्थ्यांनी शाळेला ४० हजार रुपये दिले आहेत. एक विक्रेता तेवढ्यात पेटीबंद तयार किट देतो म्हणतो. सातवीत ३६ मुले आहेत. किती किट घ्यावीत?
*– एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) सदस्य, निपाणी तालुका*

सहा. वर्गाच्या १८-१८च्या दोन तुकड्या करा आणि एका संचावर तिघे बसवा. एकाने जोडणी करायची, एकाने प्रोग्रॅम, तिसऱ्याने वायर तपासून वहीत आकृती काढायची. दर तासाला कामे बदलायची, नाहीतर धीट मूल वर्षभर कीबोर्ड सोडत नाही. चौथा मुलगा आला की तो नुसता बघत बसतो.

पेटीबंद किट आम्ही सहसा सुचवत नाही. त्यातल्या बऱ्याच किटचे कनेक्टर त्याच कंपनीचे असतात. दीडशे रुपयांचा एक भाग गेला की अख्खी पेटी कपाटात जाते. सुटे भाग घ्या. एका संचाला आर्डुइनो ऊनो बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारा) १, मोटर ड्रायव्हर (बोर्डच्या सांगण्यावरून मोटरला वीज देणारा) १, पिवळ्या गिअरच्या बीओ मोटर २ चाकांसह, पुढचे फिरते चाक १, अल्ट्रासॉनिक सेन्सर (अंतर मोजणारा) १, आयआर म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर (रेष ओळखणारे) २, एसजी९० सर्व्हो (ठरवलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) १, ४०० भोकांचा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायला) १, जंपर वायर ४० आणि स्विच असलेला सेल होल्डर १. सांगाडा ३ मिमी एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीचा) चालतो; साइनबोर्डवाले लेझरने कापून देतात. ढोबळमानाने संच दीड-दोन हजारांत बसतो.

उरलेल्या पैशांत मल्टिमीटर २, सोल्डरिंग गन १, रिचार्जेबल सेल आणि चार्जर घ्या. जादाचे बोर्ड २, ड्रायव्हर २, मोटर ४ आणि जंपर वायरींची दोन-तीन बंडले आत्ताच आणून ठेवा. सगळ्यात आधी वायरीच तुटतात. तरीही काही रक्कम मुद्दाम शिल्लक ठेवावी. पहिल्या वर्षी सगळे खर्चून टाकणाऱ्या शाळेत दुसऱ्या वर्षी गाड्या चालत नाहीत.

प्रश्न: गाडी टेबलावर यूएसबीने नीट चालते. बॅटरी लावून जमिनीवर ठेवली की चाक हलते न हलते तोच बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. प्रोग्रॅममध्ये चूक दिसत नाही. बॅटरी ९ व्होल्टची चौकोनी आहे.
*– विज्ञान शिक्षक, हायस्कूल, बेळगाव तालुका*

सर, प्रोग्रॅम सोडा, आधी ती चौकोनी बॅटरी काढा. तिचा अंतर्गत रोध जास्त असतो. मोटर सुटताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्या क्षणी बॅटरीचा दाब (व्होल्टेज) कोसळतो आणि बोर्ड रीसेट होतो. मग मोटर थांबते, दाब परत येतो, बोर्ड जागा होतो, मोटर पुन्हा ओढते. म्हणून गाडी आचके देत राहते. टेबलावर चाके अधांतरी असतात, भार नसतो आणि बोर्डला वीज संगणकाकडून मिळते. त्यामुळे तिथे दोष लपतो.

यावर पुष्कळ जण चार पेन्सिल सेल लावतात. तेही अपुरे पडतात. किटमध्ये हमखास येणारा एल२९८एन ड्रायव्हर सुमारे २ व्होल्ट स्वतःच खातो. सहातले चारच मोटरला पोहोचतात, शिवाय त्याच्यावरच्या ५ व्होल्ट रेग्युलेटरला नीट चालायला साधारण ७ व्होल्ट लागतात. सहा निकेल-मेटल हायड्राइड (रिचार्जेबल) पेन्सिल सेल एकापुढे एक लावा, म्हणजे ७.२ व्होल्ट होतील. नवी खरेदी करायची असेल तर टीबी६६१२ ड्रायव्हर घ्या. तो फार कमी दाब खातो. १८६५० लिथियम सेलमध्ये ताकद भरपूर, पण मुलाच्या हातून दोन टोके जुळली तर वायर लाल होते. माध्यमिकच्या खालच्या वर्गांत ते नकोतच.

एवढ्यावर भागले नाही तर तीन जागा पाहा. बॅटरी, ड्रायव्हर आणि बोर्ड यांचे जीएनडी (ग्राउंड, म्हणजे ऋण बाजूची टोके) एकमेकांना जोडलेले हवेत. हे राहिले की मोटर मनाला येईल तशी फिरते, आणि चुकांमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते. दुसरे, प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर ‘१०४’ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. मोटरमधल्या ब्रशच्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट तो गिळतो. तिसरे, ड्रायव्हरच्या पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावा. त्याची पट्टीची बाजू ऋण. उलटा लावला तर फुटतो. मल्टिमीटरने ५ व्होल्टची पिन मोजताना क्षणिक घसरण पूर्ण दिसणार नाही, पण आकडा थरथरला तरी रोग तिथेच आहे असे समजा.

सर्व्हो आणि मोटर यांना बोर्डच्या पिनमधून थेट वीज देऊ नका. एका पिनने २० मिलिअँपिअरच्या आत राहावे.

प्रश्न: संगणक जुने, विंडोज ७ चे. इंटरनेट नाही. बोर्ड जोडला की पोर्टच दिसत नाही.
*– संगणक शिक्षक, चिकोडी शैक्षणिक जिल्हा*

आर्डुइनोचे नवे २.० सॉफ्टवेअर विंडोज १० पासून पुढे चालते, तुम्ही १.८.१९ पेन ड्राइव्हवर आणा. स्वस्त ऊनोवर सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर (मोटरचा नव्हे, संगणकात टाकायचे सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागतो. तरी पोर्ट दिसले नाही तर केबल बदला. मोबाइल चार्जरच्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. पोर्ट दिसते पण प्रोग्रॅम चढत नाही, असे झाल्यास ० आणि १ क्रमांकाच्या पिनवर काही जोडलेले नाही ना ते पाहा.

पाचवी-सहावीसाठी ऊनोऐवजी मायक्रोबिट बोर्ड जास्त सोयीचा: फाइल पेन ड्राइव्हसारखी ओढून टाकायची, झाले. तो ३.३ व्होल्टचा आहे, ५ व्होल्टचे सेन्सर त्याला थेट लावू नयेत.

प्रश्न: मुलांनी मातीतला ओलावा मोजून पाणी सोडणारे यंत्र केले. पंधरा दिवसांत सेन्सरचे पाय हिरवे पडून झिजले. आमच्याकडे पाऊस फार, इतर भागही गंजतात. काय करावे?
*– एक शिक्षिका, खानापूर तालुका*

बाई, दोष पावसाचा नाही. दोन पायांचा तो सेन्सर ओल्या मातीतून सतत एकाच दिशेने करंट सोडतो, म्हणजे विद्युत अपघटनाची क्रिया होते आणि एक पाय विरघळतो. उपाय दोन. सेन्सरचा व्हीसीसी (वीज आत घेणारे टोक) ५ व्होल्टवरून काढून एका डिजिटल पिनला द्या. वाचायच्या वेळी पिन चालू करा, १० मिलिसेकंद थांबा, वाचा, बंद करा. अर्ध्या तासातून एकदा पुरे. नाहीतर कपॅसिटिव्ह (मातीत उघडा धातू नसलेला) सेन्सर घ्या. त्याच्या वरच्या टोकाचे भाग उघडे असतात, तिथे आणि कापलेल्या कडांना नेलपॉलिशचे दोन हात द्या.

आकडे प्रत्येक मातीला वेगळे येतात. तुमच्याकडची तांबडी जांभ्याची माती आणि पूर्वेकडची काळी यांना एकच मर्यादा लावली तर एकीकडे पंप थांबतच नाही. कोरड्या मातीचा डबा आणि पाणी निथळलेला डबा अशी दोन वाचने घेऊन मधला आकडा मुलांनाच ठरवू द्या. छोटा पाण्यातला पंप कोरडा चालवू नका. आणि रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) हाताशी आहे म्हणून २३० व्होल्टची शेतातली मोटर शाळेत जोडायची नाही, कोणी पालकांनी कितीही आग्रह केला तरी.

जून ते सप्टेंबर भाग घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या ओलावल्या की बदला. होल्डरमधले सेल दर तासानंतर काढायचे. डब्याच्या झाकणावर आतल्या भागांची यादी मराठी-कानडी दोन्हींत चिकटवली तर बदलीवर आलेल्या शिक्षकांनाही मोजून घेता येते.

प्रश्न: अटल टिंकरिंग लॅब मिळेपर्यंत थांबावे का?
*– मुख्याध्यापक, बेळगाव*

नाही. शाळेत प्रयोगशाळा उभारायला अनुदान देणारी नीती आयोगाची ही योजना २०१६ पासून सहावी ते बारावीसाठी आहे. अनुदान २० लाखांपर्यंत: १० लाख उभारणीला, १० लाख पाच वर्षे चालवायला. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या. अर्ज जरूर करा. दरम्यान सहा संच चालवणारे दोन शिक्षक तयार झाले, तर लॅब आल्यावर कुलूप लागणार नाही.

प्रश्न: काळ्या रेषेवरून जाणारी गाडी वर्गात चालते, व्हरांड्यात भरकटते.
*– आठवीचा विद्यार्थी, खानापूर*

उन्हातही इन्फ्रारेड असतो. सेन्सरला तो स्वतःच्याच एलईडीचा परतलेला प्रकाश वाटतो, आणि काळी रेषसुद्धा पांढरी दिसते. सेन्सरभोवती काळ्या कार्डशीटची खोळ कर आणि तो जमिनीपासून एक सेंटिमीटरच्या आसपास ठेव. सेन्सरवरचा निळा पोटेंशिओमीटर (संवेदनशीलता कमी-जास्त करणारा स्क्रू) जिथे गाडी चालवायची तिथेच बसून फिरव. चकचकीत फरशीवर पांढरा चार्ट पेपर अंथरून त्यावर काळी इन्सुलेशन टेप लाव, आणि वळण काटकोनात न देता गोलाईत घे.