प्रयोगशाळेतली दोन वर्षं वाया जातील का?

साताऱ्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एआय स्टार्टअपची नोकरी हातात आहे, एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेचे गुणही चांगले आहेत. बोललेलं ऐकून त्याचा मजकूर करणाऱ्या तंत्रावर तिला एम.टेक. करायचं आहे. वडील विचारतात, "क्षेत्र नवं आहे, आत्ताच शिरायला हवं. लॅबमध्ये दोन वर्षं घालवून काय मिळणार?"

नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, पण हे क्षेत्र तितकंसं नवं नाही. एआयच्या पहिल्या कंपन्या चाळीसेक वर्षांपूर्वी निघाल्या, त्याही विद्यापीठांच्या लॅबमधून. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी १९८१ मध्ये टेक्नॉलेज काढली. त्याआधी एमआयटीतून सिंबॉलिक्स निघाली होती. तिची खास एआयसाठीची महागडी यंत्रं स्वस्त संगणकांपुढे टिकली नाहीत आणि १९९३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

तुमच्या मुलीच्या विषयात जेम्स आणि जॅनेट बेकर या दांपत्याचं उदाहरण पाहा. जेम्स यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात आपल्या आंध्रातून गेलेल्या राज रेड्डींच्या हाताखाली १९७५ मध्ये पीएच.डी. केली. संगणकाला व्याकरणाचे नियम घोकायला लावण्यापेक्षा, ऐकू आलेला आवाज कोणत्या शब्दांचा असण्याची शक्यता सर्वाधिक, हे गणिताने काढायचं, ही त्यांची दिशा. १९८२ मध्ये दोघांनी ड्रॅगन सिस्टिम्स काढली. शब्दाशब्दाला न थांबता सलग बोललेलं टिपणारं त्यांचं सॉफ्टवेअर बाजारात आलं १९९७ मध्ये, म्हणजे प्रबंधानंतर २२ वर्षांनी! पुढे २००० मध्ये त्यांनी कंपनी शेअरच्या बदल्यात विकली, घेणारी बेल्जियन कंपनी बुडाली आणि शेअर मातीमोल झाले. फार वाईट झालं ते. पण ते गणित पुढे कित्येक वर्षं या क्षेत्राचा पाया राहिलं.

आधी लॅब, मग कंपनी, हे आपल्याकडेही दिसतं. भारतीय भाषांसाठी एआय बनवणारी सर्वम एआय ही कंपनी २०२३ मध्ये सुरू झाली, पण तिच्या संस्थापकांनी आधी आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या संशोधन गटात भारतीय भाषांवर काम केलं होतं.

म्हणून माझा कौल एम.टेक.ला आहे. अर्थात त्या नोकरीत ती नेमकं काय करणार, हे आधी विचारा. तिथे आवाजावरच मूळ काम असेल आणि शिकवणारं कुणी जाणकार असेल, तर नोकरीही उत्तम. दुसऱ्यांचं तयार मॉडेल जोडून ॲप बनवायचं असेल, तर तिला एम.टेक.लाच जाऊ द्या.

पैशांचंही बोलू. गेटवर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, त्यात घरी पाठवण्याइतकं उरत नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते तिच्यावर असतील तर वर्षभर नोकरी करू द्या. गेटचे गुण तीन वर्षं चालतात.

आणि प्रवेश घेण्याआधी तिला त्या प्राध्यापकांच्या सध्याच्या एक-दोन विद्यार्थ्यांशी बोलायला सांगा. सर आठवड्याला भेटतात का, आवाजाचा डेटा आणि संगणक लॅबमध्ये आहेत का, हे तेच खरं सांगतील.