तारापूरहून ओंटारियोला येताय? गॅमाच्या हिशेबाबद्दल थोडं

तारापूरला पीएचडब्ल्यूआरवर, म्हणजे जड पाण्याच्या अणुभट्टीवर, शिल्डिंगचं (किरणोत्सार अडवणाऱ्या आडोशाचं) काम करताय आणि कॅनडात आल्यावर सगळं नव्यानं शिकावं लागेल का, असं विचारलंत. नाही लागणार. तुमची 3 आणि 4 नंबरची युनिटं कॅन्डूच्याच, म्हणजे कॅनडाच्या जड पाण्याच्या रिॲक्टरच्याच, घराण्यातली. डार्लिंग्टन किंवा ब्रूस या इथल्या अणुवीज केंद्रांत फीडर कॅबिनेटसमोर, म्हणजे रिॲक्टर थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या पाइपांसमोर, उभं राहिलात की परकं वाटणार नाही.

डोसच्या, म्हणजे अंगावर घेतलेल्या किरणोत्साराच्या, एककांची सवय मात्र करावी लागेल. कागदावर मिलिसिव्हर्ट, मजल्यावर मिलिरेम; 1 ला 100 नं गुणायचं. भारतातल्या नियामकाची, एईआरबीची, वार्षिक मर्यादा 30 मिलिसिव्हर्ट, इथे कायद्यानं 50. पाच वर्षांची दोन्हीकडे 100 च. म्हणून इथे कारभार सैल असतो असं समजू नका, स्टेशनची स्वतःची मर्यादा बरीच खाली असते.

मुलाखतीत मायक्रोशील्ड, एमसीएनपी ही शिल्डिंगच्या हिशेबाची सॉफ्टवेअर येतात का विचारतील, पण माणूस पारखतात तो तोंडी अंदाजावर. समजा 10 गिगाबेकरेल (किरणोत्साराच्या तीव्रतेचं एकक) कोबाल्ट-60 हा गॅमा फेकणारा पदार्थ एका व्हॉल्व्हमध्ये अडकलाय. एक मीटरवर साधारण साडेतीन मिलिसिव्हर्ट प्रतितास. दोन मीटरवर चौथा हिस्सा, 0.9 च्या आसपास. मध्ये चार सेंटिमीटर शिसं ठेवलं की त्याचा दहावा भाग, म्हणजे 0.09. वीस मिनिटांच्या कामाला 0.03 मिलिसिव्हर्ट. एवढं कॅल्क्युलेटरशिवाय सांगता आलं की समोरचा खुर्चीत सैल बसतो. मग हमखास पुढचा प्रश्न येतो: व्हॉल्व्हऐवजी लांब पाइप असेल तर? जवळ उभं असताना अंतर दुप्पट केलं तरी डोस रेट चौथ्यावर येत नाही, जेमतेम निम्मा होतो. आणि जाड काँक्रीटच्या हिशेबात बिल्डअप, म्हणजे भिंतीत विखुरून पलीकडे पोचणाऱ्या गॅमाची भर, विसरू नका. सात-आठ मीन फ्री पाथ (दोन टकरींमधलं गॅमाचं सरासरी अंतर) जाडीला नुसतं एक्स्पोनेन्शियल घटीचं सूत्र लावलं, तर उत्तर दहापटीहून जास्त कमी येतं.

रिॲक्टर चालू की बंद, हे आधी विचारा. चालू असताना कूलंटमधला नायट्रोजन-16 सहा एमईव्ही ऊर्जेचा जोरदार गॅमा फेकतो, पण त्याचं अर्धायुष्य सात सेकंदांचं. बंद झाल्यावर काही मिनिटांत तो संपतो, मग शटडाउनभर कोबाल्टशी गाठ.

तारापूरच्या 1 आणि 2 या बीडब्ल्यूआरवर, म्हणजे उकळत्या पाण्याच्या रिॲक्टरवर, काम केलं असेल तर बायोडेटात ते वर घ्या. डार्लिंग्टनला बीडब्ल्यूआरएक्स-300 हा त्याच जातीचा छोटा रिॲक्टर उभा राहतोय, 2025 मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला. बीडब्ल्यूआरमध्ये वाफेबरोबर नायट्रोजन-16 थेट टर्बाइनपर्यंत जातो, त्यामुळे तिथेही शिल्डिंग लागतं. सगळा जन्म कॅन्डूवर गेलेल्या इथल्या लोकांना हा अनुभव नाही.

ब्रूस मिळालं तर घर जवळच्या किनकार्डिन गावाकडे बघा. गणपतीला टोरांटो गाठायचं तर तीनेक तास गाडी हाकावी लागेल. ओंटारियोत पी.इंजी.साठी, म्हणजे इंजिनियरच्या परवान्यासाठी, कॅनडातल्या अनुभवाची अट 2023 पासून नाही. सिक्युरिटी क्लिअरन्स मात्र रेंगाळतो. मागच्या पाच वर्षांचे पत्ते जुळवून ठेवा, पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट भारतातून निघण्याआधीच काढा. आणि प्लांटचं एकही ड्रॉइंग किंवा इनपुट फाइल लॅपटॉपमध्ये आणू नका, एमसीएनपीची प्रत तर मुळीच नाही.